ओटीवरचा धबधबा

एप्रिल संपत आला होता. शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या बाजूला आत्याचं गाव आहे, तिथे दुपारी तिच्या ओटीवर आम्ही सगळे बसलो होतो. विहिरीने तळ गाठलेला, टँकर एक दिवसाआड. ओटीच्या कोपऱ्यात रिकामे हंडे, कळशा आणि एक निळं पिंप रांगेत मांडून ठेवलेलं. ऐरोलीला नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने सुट्टीला येताना व्हीआरचा, म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटीचा, चष्मा आणला होता. पोरासोरांचं मन भरल्यावर आत्याची पाळी आली. तिने सत्तरी ओलांडली आहे. चष्म्याचा पट्टा काही केल्या अंबाड्यावर बसेना, तेव्हा तिने केस सोडून मागे बांधले आणि भिंतीला टेकून बसली. पुतण्याने धबधब्याचं दृश्य लावलं. कुठल्यातरी थंड देशातला धबधबा, काठाने सुईसारख्या पानांची उंच झाडं. आत्या थोडा वेळ गप्प होती. मग तिचा उजवा हात पुढे गेला, बोटं जुळली, पसा झाला. पशात काही आलं नाही.

“पाणी हाय रं, पण गारवा नाय,” ती म्हणाली.

तरी तिने चष्मा काढला नाही. चार-पाच मिनिटं ती तशीच बसून राहिली. सकाळपासून टँकरच्या वाटेकडे लागलेलं तिचं ध्यान सुटलं, खांदे खाली आले, श्वास संथ झाला. हे मी समोर बसून पाहत होतो. पाणी खोटं होतं, पण तिला मिळालेला विसावा खोटा नव्हता. एकाच वेळी या दोन्ही गोष्टी कशा होतात, ते या प्रकरणात पाहू.

आपण ओटीवर बसलोय हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. पायाखाली सारवलेली जमीन होती, नाकाला चुलीचा धूर येत होता. तरी हात पुढे गेलाच. ‘मी तिथे आहे’ अशी ही जी जाणीव होते, तिच्यावर व्हीआरचा सगळा डोलारा उभा आहे. चष्म्याच्या आत दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दिसतात. आपले डोळे एकमेकांपासून सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतरावर असल्यामुळे खऱ्या जगाचंही प्रत्येक डोळ्याला थोडं निराळं दर्शन होतं आणि मेंदू त्या फरकातून खोली काढतो. चित्रं डोळ्यांच्या इतकी जवळ असूनही स्पष्ट दिसावीत म्हणून मध्ये भिंगं असतात. इथपर्यंतची युक्ती जुनी आहे. नवी गोष्ट आहे मान वळवण्याची. चष्म्यातले संवेदक डोक्याची हालचाल सतत मोजतात आणि मान डावीकडे गेली की चित्र तितकंच उजवीकडे सरकवतात. हालचाल आणि चित्र यांच्यात साधारण वीस मिलिसेकंदांहून जास्त वेळ गेला, तर मेंदूला लबाडी कळते आणि पोटात ढवळू लागतं. त्या वेळेच्या आत काम झालं, तर शंका घ्यायला त्याला कारणच उरत नाही.

दोन चित्रांतून खोली दाखवणारं पहिलं उपकरण इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये मांडलं. पण माणसाला बसल्या जागी दुसऱ्या जगात नेण्याची हौस शोधायला इंग्लंडला जायची गरज नाही. मुरबाड आणि शहापूर या दोन्ही तालुक्यांची बाजारपेठ असलेल्या कल्याणात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र ‘शांबरिक खरोलिका’ नावाचा खेळ करत. शांबरी म्हणजे माया. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं मागून दिव्याच्या उजेडात पडद्यावर टाकायची, पट्ट्या चपळाईने बदलून रामायणातली पात्रं हलती करायची आणि जोडीला मराठीत कथा सांगायची, असा तो खेळ. भारतात चलच्चित्र यायच्या आधी आपल्या माणसांनी अंधारात बसून हलणारी चित्रं पाहिली, ती अशी. माझ्या लहानपणी पौष पौर्णिमेला म्हसाच्या जत्रेत बैलांचा बाजार आणि घोंगड्यांची दुकानं ओलांडली की पेटीतला सिनेमा असायचा. गोल भोकाला डोळा लावायचा आणि दोन्ही हातांनी उजेड अडवायचा. आजूबाजूची जत्रा गडप व्हायची. आजचा चष्मा तेच करतो. फक्त उजेड अडवायला हात लागत नाहीत.

डोक्यावर चढवायचं उपकरण अमेरिकेत इव्हान सदरलँडने १९६८ मध्ये तयार केलं. ते इतकं जड होतं की छताला टांगून ठेवावं लागे. व्हर्च्युअल रिअॅलिटी हे नाव रुळवलं जॅरॉन लॅनिअरने, १९८० च्या दशकात. पुढची पंचवीस वर्षं ही वस्तू मुख्यतः प्रयोगशाळांत आणि लष्कराकडे राहिली. मोबाइलमुळे छोटे पडदे आणि संवेदक स्वस्त झाले, तेव्हा ती घरात आली. आज चांगला चष्मा अर्ध्या किलोच्या आसपास भरतो.

धबधबा किंवा झाडी पाहून माणूस शांत का होतो, याचं उत्तर मात्र चष्म्यात सापडणार नाही. ते झाडीतच शोधायला हवं. रॉजर उलरिख या संशोधकाने १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा निबंध छापला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, प्रकृती वगैरे जुळवून त्याने जोड्या लावल्या होत्या. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना जहाल वेदनाशामकं कमी लागली. फरक होता तो खिडकीतून काय दिसतं याचा. नुसतं दिसणं. चित्रातल्या झाडांनीही थोडंफार काम होईल का, हा प्रश्न मग साहजिकच येतो.

ताणात शरीर काय करतं ते आपण सगळे अनुभवतो. आसनगावहून सीएसएमटीला पोचायला पावणेदोन-दोन तास लागतात, कसाऱ्याहून त्याहून जास्त. सकाळी डब्यात पाय ठेवायला जागा मिळेल की नाही, इथपासून धडधड सुरू होते. अॅड्रेनलिन उसळतं, मागोमाग कॉर्टिसोल वाढतं, श्वास छातीत वरच्या वर चालतो, जबडा आवळला जातो. समोर बिबट्या आला तर ही तयारी उपयोगाची. गाडी वासिंदला वीस मिनिटं उभी राहिली तर तिचा उपयोग शून्य, पण शरीराला तो फरक कळत नाही. शिवाय अशा प्रवासात लक्ष सतत ताणून धरावं लागतं. स्टीफन आणि रेचल कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचं म्हणणं असं की अशा थकलेल्या लक्षाला पानांची सळसळ, पाण्यावरच्या लाटा, सरकणारे ढग यांसारख्या गोष्टी विश्रांती देतात. त्या आपलं लक्ष वेधतात, पण ओढून घेत नाहीत. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’, म्हणजे अरण्यस्नान, ही कल्पना लोकांपुढे ठेवली आणि पुढे तिच्यावर बरंच संशोधन झालं. आमच्याकडचा कातकरी किंवा ठाकर माणूस रानातून चालतो तेव्हा तो काही स्नान करत नसतो, कंदमुळं नाही तर लाकडं आणायला निघालेला असतो. तरी त्याच्या चालीत जी निवांत लय असते, तिच्यापर्यंत हे शास्त्र उशिरा का होईना पोचलं.

इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच धाग्यावरचा आहे. त्यांनी ९६ माणसांना आधी एक कंटाळवाणी चित्रफीत दाखवून मुद्दाम मरगळ आणली. मग प्रवाळांचं समुद्रतळाचं दृश्य तीन तऱ्हांनी दाखवलं: काहींना टीव्हीवर, काहींना चष्म्यातून चहूबाजूंचं चित्रीकरण, तर काहींना चष्म्यातूनच संगणकाने रचलेला समुद्रतळ, ज्यात त्यांच्या हालचालीला प्रतिसाद मिळे. मरगळ तिन्हींनी घालवली. टीव्हीनेसुद्धा, हे ध्यानात ठेवावं. पण मन प्रसन्न होणं आणि निसर्गाशी नातं जाणवणं, यांत प्रतिसाद देणारा समुद्र पुढे राहिला.

व्हीआरचं मला सर्वांत पटलेलं काम मात्र विरंगुळ्याचं नाही, वेदनेचं आहे. भाजलेल्या माणसाची पट्टी बदलताना काय होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. चुलीवरचं आधण अंगावर उलटलेलं पोर ड्रेसिंगच्या खोलीकडे नेताना दारातच रडायला लागतं. आदल्या दिवशीचं त्याला आठवत असतं. सिअॅटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी अशा रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ नावाचं जग रचलं. रुग्ण बर्फाच्या दरीतून हळूहळू पुढे सरकतो, बाजूला पेंग्विन आणि बर्फाची माणसं, आणि त्यांच्यावर बर्फाचे गोळे मारायचे. इकडे परिचारिका जुनी पट्टी सोडवत असते. वेदना कळायलाही मेंदूला लक्ष लागतं आणि लक्ष काही अमर्याद नसतं. त्यातलं बरंचसं बर्फात गुंतलं की वेदनेच्या वाट्याला कमी उरतं. रुग्णांनी तसं सांगितलंच, पण २००४ मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्येही वेदनेशी संबंधित भागांतली हालचाल कमी झालेली दिसली. पोराची पट्टी बदलली जातेय आणि ते बर्फाचा नेम धरतंय, या चित्रासाठी मी या तंत्रज्ञानाचे शंभर गुन्हे माफ करायला तयार आहे.

जुनाट कंबरदुखीसाठी तयार केलेल्या एका व्हीआर उपचाराला अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली. आठ आठवडे, रोज थोडी मिनिटं. त्यात नुसती सुंदर दृश्यं नाहीत. चष्म्याला रुग्णाचा श्वास टिपणारी जोड आहे, आणि वेदनेकडे कसं पाहावं, शरीर कसं सैल सोडावं, हे टप्प्याटप्प्याने शिकवलं जातं.

श्वास हीच खरी किल्ली आहे. आपल्या हृदयाचे ठोके श्वास घेताना किंचित वाढतात आणि सोडताना किंचित मंदावतात. श्वास सोडणं लांबवलं की व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा जोर वाढतो आणि शरीर सावकाश होतं. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. ते सहाच्या आसपास आणले तर पाच मिनिटांत फरक जाणवतो. ओवेन हॅरिस आणि निकी स्मिट यांनी ‘डीप’ नावाचा व्हीआर खेळ बनवला, त्यात हातात काहीच घ्यायचं नसतं. पोटाला पट्टा बांधायचा. पोटातून खोल श्वास घेतला की तुम्ही पाण्याखाली वर उचलले जाता, सोडला की हळूच खाली येता. भराभर श्वास घेऊन तिथे काही साधत नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तो चिंतेने ग्रासलेल्या मुलांबरोबर वापरून पाहिला आहे.

आमच्या कसारा घाटाच्या माथ्यावर, इगतपुरीला, धम्मगिरी आहे. सत्यनारायण गोएंका यांच्या पद्धतीने १९७६ पासून तिथे विपश्यनेची शिबिरं चालतात. दहा दिवस मौन, रोज सुमारे दहा तास बसणं, आणि पहिले तीन-साडेतीन दिवस काम एकच: नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहणं. समोर धबधबा नाही, प्रवाळ नाहीत, पेंग्विन नाहीत. मन पळतं, परत आणायचं, पुन्हा पळतं. ज्याला हे जमतं त्याला चष्म्याची गरज नाही. पण घाटाखालून रोज मुंबईला जाणाऱ्या किती जणांना दहा दिवसांची रजा मिळते? पळणाऱ्या मनाला धरायला काहीतरी दिसणारं हवं, एवढीच ज्याची तयारी आहे, त्याच्यासाठी चष्मा म्हणजे पोहायला शिकताना पाठीला बांधलेला डबा आहे. डबा कधी सोडायचा हे मात्र आधीच ठरवलेलं बरं. मी स्वतः संध्याकाळी घरी आल्यावर दहा मिनिटांहून जास्त वापरत नाही. पहिली पाच मिनिटं चष्म्यात, पुढची पाच तो काढून, त्याच लयीत, डोळे मिटून.

काही गोष्टी थेट सांगायला हव्यात. डोळ्यांना आपण पुढे चाललोय असं दिसतं, पण कानातला तोल सांभाळणारा अवयव ‘तू बसलेला आहेस’ असं सांगतो. या भांडणात मळमळ होते. बस लागते त्याच जातीची, फक्त उलटी. म्हणून विश्रांतीसाठी दृश्य स्थिर असलेलंच निवडावं. उडणारं, पळणारं नको. चालत्या गाडीत तर चष्मा लावूच नये. फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. लहान मुलांसाठी कंपन्या स्वतःच वयाची अट घालतात, ती पाळावी. आमच्याकडे मे महिन्यात चष्म्याच्या आत घाम जमून काचेवर वाफ धरते, तेव्हा पंख्याखाली बसावं. आणि झोप उडाली आहे, जीव नकोसा झाला आहे, अशी अवस्था असेल तर चष्म्याच्या भरवशावर राहू नये. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी मोफत मदतवाहिनी आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

सगळ्यात मोठी मर्यादा तर माझ्या आत्याच्या ओटीवर रांगेत उभी होती. तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. पुढे मोडकसागर झालं, भातसा झालं. ही सगळी आमच्या शहापूर तालुक्यात. उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. आत्याचा ताण हा तिच्या मनाचा दोष नाही, तो पाण्याचा ताण आहे. त्यावर उपाय नळाचा. तिला चष्मा देऊन ‘आता शांत राहा’ म्हणणं हा तिचा अपमान ठरेल. कामाचे तास तेच ठेवून कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीकक्षात चष्मे मांडणाऱ्या कुठल्याही कार्यालयाला हेच लागू पडतं. ताण कुठून येतो हे पाहायचं सोडून फक्त तो जाणवू नये एवढं पाहिलं, तर तो वाढतच राहतो.

पण ग्रामीण रुग्णालयातली ड्रेसिंगची खोली, सुई टोचून घेणारं पोर, डायलिसिसला चार तास खिळलेला माणूस, खाटेवरून उठू न शकणारी म्हातारी... इथे हा चष्मा हवा असं मला मनापासून वाटतं. चेहऱ्याला लागणारा भाग दर वेळी पुसून निर्जंतुक करायचा आणि बाजूला बसायला एक माणूस ठेवायचा, एवढी सोय असली की झालं.

आत्याच्या ‘गारवा नाय’वरून डोक्यात एक किडा शिरला होता. परक्या धबधब्याऐवजी इथलंच पाणी दाखवलं तर? मुरबाडला लग्नांचं शूटिंग करणारा माझा एक मित्र आहे, त्याच्याकडे चहूबाजूंचं चित्रण करणारा कॅमेरा होता. त्याला पाठीला पाठ लावलेली दोन माशाच्या डोळ्यासारखी भिंगं असतात, आणि दोन्हींची चित्रं मागाहून शिवली जातात. पावसात आम्ही आधी माळशेजला गेलो. धबधबे जोरात होते, पण धुकं इतकं की मागचा कडा दिसेना, आणि गाड्यांतली गाणी पाण्याच्या आवाजावर मात करत होती. दिवस फुकट गेला. मग भाद्रपदात आत्याच्या गावच्या ओहोळावर गेलो. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला, कारण त्याहून उंच ठेवला तर पाहणाऱ्याला आपण तरंगतोय असं वाटतं. तो जागचा हलवला नाही. आणि चहूबाजूंचं टिपलं जात असल्यामुळे आम्ही दोघं वीस मिनिटं मोहाच्या झाडामागे उकिडवे बसलो. मित्राला मुंग्या चावल्या तरी तो हूं की चूं बोलला नाही. पाण्याचा आवाज, पलीकडच्या खाचरातून बगळे उठल्याचा फडफडाट, लांबून एक म्हैस. सगळं स्वच्छ आलं.

पुढच्या एप्रिलला ते घेऊन गेलो. कोपऱ्यातले हंडे तसेच होते. आत्याने या वेळी न सांगता केस मागे बांधले. चित्र सुरू झालं तशी ती पुढे वाकली, पण हात पुढे गेला नाही. मान हळूहळू डावीकडे वळत गेली आणि एका जागी थांबली.

“ह्यो माझा धोंडा,” ती म्हणाली. “लगीन होऊन आले तवापासून ह्याच्यावरच धुणं. आन त्यो पल्याडचा तुझ्या आईचा. निम्मा बुडलाय बघ.”

वीस मिनिटं मी त्या झाडामागे बसलो होतो, पण ते धोंडे कुणाचे हे मला माहीत नव्हतं. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. मी आत्याच्या शेजारी बसलो. मला बाहेरून काहीच दिसत नव्हतं, म्हणून ती जे जे सांगत गेली ते ऐकत राहिलो: कुठल्या डोहात खेकडे मिळायचे, पूर आला की पाणी कुठवर चढायचं, आई कुठल्या वाटेने उतरायची. वीस मिनिटं संपली. चष्मा काढायला मी हात पुढे केला, तसा तिने तो अडवला.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “परत लाव पयल्यापास्नं.”